वडा आतला, पाव बाहेरचा

ठाकूरद्वारहून डिलाईल रोड म्हणजे काही परदेश नव्हे. माझं माहेर तिथलं, तरी आई गेल्यापासून मी तिकडे फिरकले नव्हते. परवा एकटीपुरते दोन बटाटे उकडायला टाकले आणि मनात आलं, लहानपणच्या मैत्रिणीला, कुसुमला बघून यावं. बंगळूरची नात फोनवर म्हणाली, "जा आजी, आणि आल्यावर लिही. चुका मी काढते." म्हणून हे.

जायचं तर ऊन चढायच्या आत निघा. बसच बरी. टॅक्सी परळच्या पुलापाशी रखडते आणि मीटर मात्र पळतो. मी वाट वाकडी करून आधी दादरला उतरले, कारण भूक लागली आणि वडा म्हटलं की मला धीर नसतो. गाडीवाल्याला म्हटलं, "मिरची नको रे, दात माझे नाहीत."

"आजी, वडापावचा जन्म इथलाच बरं का, दादरचा."

"असेल बाबा. आमच्या दारातही एक जन्मला होता, त्याचं बारसं कुणी केलं नाही."

तो हसला, सुकी चटणी जास्त घातली.

त्या जन्माची गोष्ट अशी. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती, मी परकरातली पोर. आई चाळीत खाणावळ चालवायची. आमच्या कोकणातले गिरणीकामगार पाटावर बसून जेवायचे. मोर्चे सुरू झाले तशी कुणाला सवड राहिना. "वयनी, बसूक येळ नाय, हातात कायता द्या." आई बटाट्याच्या भाजीचे वडे तळून द्यायची, ते हात पोळायचे. कुणी म्हणालं, पावात घाला.

आता पाव म्हणजे माझ्या आजीला विटाळ. पायाने मळतात म्हणे, खाल्ला की माणूस बाटतो. "ह्यो पाव माझ्या घरात येवचो नाय," म्हणून ती दाराशीच बसली. मग कढई आत आणि पावाची टोपली बाहेर गॅलरीत. मी आतून वडा द्यायचे, कुसुम बाहेर पाव फाडून धरायची. उंबरठ्यावर दोघांची गाठ. कुसुम शेजारच्या चाळीतली, माझ्याच वयाची. त्यांच्या घरी नुकताच बुद्धधर्म घेतला होता. आजीच्या लेखी पाव आणि कुसुम, दोघंही बाहेरचे. आम्ही मात्र मोर्च्याच्या घोषणा देत वडे भरायचो. काय मजा यायची.

पाव पुढे घरात आला. आजीनेच आजारपणात चहात बुडवून खाल्ला. कुसुमला कुणी आत बोलावलं नाही, मग माझं लग्न झालं.

तेवढ्यासाठीच तर निघाले होते. आता माझ्या घरात मीच आजी. कुसुमला म्हणायचं होतं, चल माझ्याकडे, ओट्यापाशी बसून खाऊ.

आमची चाळ पाडून टॉवर झालाय. कुसुमची अजून उभी आहे, जिना चढताना कठडा धरा. दारात एक बाई तांदूळ निवडत होती.

"कुसुम आहे का गं?"

तिने मला नीट पाहिलं. "नुसतं कुसुम म्हणणारं दुसरं कोण असणार? तुम्ही खाणावळीतल्या शालू ना? सासूबाई दिवाळीत गेल्या, मावशी. तुमचं नाव फार काढायच्या. म्हणायच्या, शाली द्वाड होती, पावाऐवजी माझ्या बोटावरच वडा ठेवायची."

मला हसू आलं. चपला काढल्या, पण उंबरठ्याबाहेरच उभी राहिले.

"बाहेर काय उभ्या? आत या ना."

आत गेले. तिने आल्याचा चहा केला. बुद्धाच्या तसबिरीखाली कुसुमचा फोटो होता, पांढऱ्या केसांचा. म्हातारी कुसुम मी पहिल्यांदाच पाहिली. सुनेला म्हटलं, "ये एकदा घरी." ती म्हणाली, "सुट्टी मिळाली की येते हां." येईलही.

येताना कोपऱ्यावरून पाव घेतले. घरी वडे तळले, चांगले झाले. मग दार उघडं टाकून उंबरठ्यावर बसले. वड्यांची ताटली आत, पाव बाहेर. दोन्ही कामं मीच केली. उजव्या हाताने वडा दिला, डाव्या हाताने पाव धरला.

बोट भाजलं. डाव्या हाताचं, कुसुमच्या बाजूचं.