सलग जागा

द्वारका ठवकर विश्रांतवाडीतल्या एका छोट्या कंपनीत अठरा वर्षं नोकरी करत होती. कंपनी नवजात बाळांसाठी मॉनिटर बनवायची. बाळाच्या इवल्याशा पायाला पट्टी गुंडाळली, की त्याच्या हृदयाचे ठोके आणि रक्तातला ऑक्सिजन पडद्यावर दिसायचा. त्या मॉनिटरच्या पोटात जो प्रोग्राम चालायचा, तो द्वारकाने लिहिलेला होता. सी भाषेत, एकटीने, नऊ वर्षांपूर्वी. मुलगी पोटात असताना तिने तो लिहायला घेतला आणि मुलगी रांगायला लागली तेव्हा पुरा केला. आर्वीहून डिप्लोमा करून पुण्यात आलेल्या या बाईला इंग्रजी बोलताना अजूनही जरा अडखळायला होई, पण प्रोग्राम वाचताना ती कधी अडखळली नव्हती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात येरवड्याकडच्या एका हॉस्पिटलमधून पूर्णिमा नावाच्या सिस्टरचा फोन आला. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेलं एक बाळ बरेच दिवस त्यांच्याकडे होतं. सकाळी त्याचा मॉनिटर अचानक काळा झाला आणि चाळीस सेकंदांनी आपला आपण परत सुरू झाला.

"चाळीस सेकंद मी त्याच्या छातीवर नजर ठेवून श्वास मोजत उभी होते," सिस्टर म्हणाल्या. आवाज शांत होता, आणि म्हणूनच द्वारकाला जास्त लागला.

बाळ ठीक होतं. त्याला काहीही झालं नव्हतं. हे तिने तीन वेळा विचारून घेतलं, तेव्हा कुठे खुर्चीत नीट बसली. पण दोन दिवसांनी शेजारच्या पाळण्याचा मॉनिटरही तसाच काळा होऊन परत आला, आणि हा योगायोग नाही हे तिला कळून चुकलं.

कंपनीचे मालक आमोद तसे भले गृहस्थ. त्यांनी त्याच दिवशी सगळ्या हॉस्पिटलांना कळवलं. दोन्ही यंत्रं काळी पडली ती सलग चालू राहिल्याच्या अकराव्या दिवशी. एरवी बाळ चार-पाच दिवसांत घरी जातं आणि यंत्र बंद होतं, म्हणून नऊ वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग दर आठवड्याला आपणच यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं तर, असं आमोदनी सुचवलं. प्रोग्राममध्ये चार ओळी घालायच्या, झालं.

"बाळाचे कुठले चाळीस सेकंद आपण निवडायचे, सर?" द्वारकाने विचारलं.

आमोदनी ती सूचना तिथेच सोडून दिली. मग त्यांनी हॉस्पिटलांना जादा यंत्रं पाठवली, दहावा दिवस उजाडायच्या आत शेजारी दुसरं यंत्र लावून मगच जुनं काढायचं असं ठरवून दिलं, आणि द्वारकाला हातातलं बाकीचं सगळं काम बाजूला ठेवायला सांगितलं.

तिचा पहिला संशय साधा होता. प्रोग्रामला काम करताना मेमरी लागते. ती मागायची, वापरायची आणि परत द्यायची. कुठे परत द्यायची राहून गेली, तर हळूहळू सगळी संपते. द्वारकाने नऊ वर्षांपूर्वीचे आपले कागद काढले आणि जिथे जिथे मेमरी मागितली होती, त्या दोनशे बारा जागा एकेक करून तपासल्या. प्रत्येक ठिकाणी ती परत दिलेली होती. तिने पुन्हा पहिल्यापासून तपासलं. तेच उत्तर आलं.

मग टेबलावर दोन यंत्रं सुरू करून ती वाट बघत राहिली. अकराव्या दिवशी दुपारी त्यातलं एक तिच्या डोळ्यांदेखत काळं झालं. तिने आधीच सगळ्या नोंदी चालू ठेवल्या होत्या. त्या क्षणी एकवीस किलोबाइट मेमरी मोकळी होती. प्रोग्रामने मागितले होते फक्त दोन. आणि ते त्याला मिळाले नव्हते, म्हणून यंत्राने स्वतःला बंद करून परत सुरू केलं होतं.

त्या आठवड्यात ती घरीही धड बोलत नव्हती. "जेव आधी. यंत्र पळून नाही चाललं," असं नवरा आनंद म्हणाला, तेव्हा तिने ताट पुढे ओढलं खरं, पण काय खाल्लं ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

शनिवारी सकाळी ती नारायण पेठेत गोपाळकृष्ण बापटांकडे गेली. बापट याच कंपनीतले तिचे पहिले साहेब. त्याआधी त्यांनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजचे प्रोग्राम लिहिले होते. आता वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखरे आणि जीभ पूर्वीसारखीच तिखट. हे असं लिहिलंतच कसं, असं ते विचारतील आणि आपल्याकडे उत्तर नसेल, या धास्तीने तिने तीन आठवडे जायचं टाळलं होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मोकळी किती हे मोजलंत," ते म्हणाले. "सलग किती मोकळी, ते मोजलंत का?"

तिने मोजलं नव्हतं.

"खुर्च्यांना नंबर नसलेल्या कार्यक्रमाला उशिरा गेलात. तीस खुर्च्या रिकाम्या आहेत. पण तुम्ही पाच जण, आणि शेजारी शेजारी बसायचंय. इथे एक रिकामी, तिथे दोन. काय कराल? घरी जाल. तुमचं यंत्रही तेच करतंय."

द्वारकाला एका झटक्यात सगळं दिसलं. तिचा प्रोग्राम कधी चिमूटभर मेमरी मागायचा, कधी मोठा तुकडा, आणि परत द्यायचा तो भलत्याच क्रमाने. अकरा दिवस लाखो वेळा असं केल्यावर मोकळी जागा भरपूर उरली होती, पण तिचे बारीक बारीक तुकडे झाले होते. दोन किलोबाइटचा एकही सलग तुकडा शिल्लक नव्हता.

बापटांनी तिच्याकडून कागद मागून घेतले आणि सरळ शेवटचं पान उघडलं. तिथे तपासणाऱ्याची सही होती. त्यांचीच.

"एक्स्चेंजमध्ये मी हे कुणाला करू दिलं नसतं," ते हळू म्हणाले. "तिथे यंत्र वर्षानुवर्षं बंद करत नसत. इथे मला वाटलं, बाळ चार दिवसांत घरी जाईल. म्हणून सही केली. द्वारकाबाई, ही चूक एकट्या तुमची नाही."

त्यांच्या पत्नी वासंतीबाई पोहे घेऊन आल्या, तेव्हा द्वारका खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती. रडू कशाचं आलं हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. एवढं खरं, की त्या महिन्यात पहिल्यांदाच तिला खाल्लेल्याची चव लागली.

सोमवारपासून बापट रोज दहा वाजता रिक्षाने ऑफिसात यायला लागले. उपाय त्यांना तोंडपाठ होता, पण लिहायचा द्वारकानेच, असा त्यांचा हट्ट. यंत्र सुरू होतानाच मेमरीचे ठरावीक मापांचे कप्पे पाडून ठेवायचे: लहान, मधले आणि मोठे. मागणी आली, की त्या मापाचा एक मोकळा कप्पा आख्खा उचलून द्यायचा, आणि परत आला की त्याच मापाच्या कप्प्यांत ठेवायचा. एका मापाचे सगळे कप्पे सारखेच, त्यामुळे कुठलाही चालतो आणि तुकडे पडायचा प्रश्नच उरत नाही. थोडी जागा वाया जाते, कारण प्रोग्रामच्या एका भागाने दुसऱ्याला पाठवलेल्या छोट्या निरोपालाही पूर्ण कप्पा द्यावा लागतो. द्वारकाला सुरुवातीला ते जिवावर आलं. मग तिने प्रत्येक मापाची जास्तीत जास्त गरज किती ते मोजून काढलं, त्यावर दीडपट धरली, आणि तरीही सगळं मावलं.

एक गोष्ट मात्र तिने स्वतःच्या डोक्याने केली. बाळ अडचणीत असल्याचा इशारा देणाऱ्या निरोपांसाठी तिने वेगळे कप्पे राखून ठेवले. बाकीचे कप्पे संपले तरी त्यांना कुणी हात लावायचा नाही. बापटांनी ते पान दोनदा वाचलं आणि पुढचं पान उलटलं.

एप्रिलच्या मध्यावर नवा प्रोग्राम पहिल्यांदा यंत्रावर चढला. खऱ्या बाळाऐवजी नाडीचे खोटे ठोके देणारी एक पेटी जोडली होती. तासाभरात पडद्यावर ऑक्सिजन झळकला: एकशे पासष्ट टक्के.

बापटांनी चष्मा वर केला. "बाळ फारच तंदुरुस्त दिसतंय."

द्वारका चक्क हसायला लागली. परत आलेला कप्पा कुणी चुकून वाचलाच तर लगेच उघडं पडावं, म्हणून अशा प्रत्येक कप्प्यात एकशे पासष्ट हाच आकडा भरून ठेवायचा, असं तिनेच लिहिलं होतं. म्हणजे प्रोग्राममधला पडद्यावर आकडा दाखवणारा भाग परत दिलेला कप्पा अजूनही वाचत होता. ही चूकही जुनीच होती. जुन्या पद्धतीत परत दिलेल्या जागेत आधीचा आकडा बहुतेक वेळा तसाच राहायचा, म्हणून ती नऊ वर्षं लपून राहिली. कधीतरी एखाद्या बाळाचा भलताच आकडा दिसला असता, आणि तो एकशे पासष्ट नसता, खरा वाटेल असा असता. सापडली ते किती बरं झालं, असं ती दिवसभर मनात म्हणत होती. दुरुस्ती दोन ओळींची होती.

मग बारा यंत्रं एका लांब टेबलावर मांडली आणि चाचणी सुरू झाली. कप्पे आजवर कमीत कमी किती मोकळे राहिले, हा आकडा प्रत्येक यंत्राच्या कोपऱ्यात दिसत होता. मोठ्या कप्प्यांचा आकडा पहिल्या दिवशी आठ होता. तिसऱ्या दिवशी सहा झाला आणि द्वारका तासातासाला तो बघायला लागली. चौथ्या दिवशीही तो सहाच होता. पाचव्या दिवशीही. अकराव्या दिवशी आमोद, बापट आणि ती दुपारभर टेबलापाशी घुटमळत राहिले. कुणाला तिथे काम नव्हतं आणि कुणी जागचं हललं नाही. संध्याकाळी आकडा सहाच होता. बाराव्या दिवशी बापट यायचे थांबले. "आता मला बघायला बोलावू नका, नुसतं कळवा," असं सांगून गेले.

पंचेचाळीस दिवस झाले तेव्हा चाचणी आपणहून थांबवली. एकही यंत्र काळं पडलं नव्हतं.

नवा प्रोग्राम सगळ्या हॉस्पिटलांत पोचला. ऑगस्टमध्ये द्वारका येरवड्याच्या त्या वॉर्डात गेली. पाचव्या पाळण्यावरचा मॉनिटर एकतीस दिवस अखंड चालू होता. मार्चमधलं ते बाळ कधीच घरी गेलं होतं, आणि परवाच तपासणीला आलं तेव्हा साडेचार किलो भरलं होतं. हे सांगताना पूर्णिमा सिस्टरांचा चेहरा फुलला. यंत्राचं कसं चाललंय, असं द्वारकाने विचारल्यावर मात्र त्यांना क्षणभर आठवावं लागलं.

"खरं सांगू? माझं त्याच्याकडे लक्षच जात नाही आताशा. मी बाळांकडे बघते."

याहून चांगलं काही कुणी तिला आजवर सांगितलं नव्हतं. बाहेर येऊन तिने नारायण पेठेत फोन लावला. वासंतीबाईंनी उचलला.

"बोल गं द्वारका. हे इथेच आहेत. सकाळपासून पेपर वाचतायत म्हणे, पण पान एकच आहे."

मागून बापटांचा आवाज आला, की उगाच काहीही सांगू नकोस. मग रिसीव्हर हातातून हातात गेल्याची खरखर झाली. द्वारकाने एकतीस दिवसांचं सांगितलं, साडेचार किलोचंही सांगितलं. मग ते म्हणाले, रविवारी आनंदरावांना आणि मुलीला घेऊन जेवायला या, ही अळूचं फतफतं करणार आहे.

साडेतीनच वाजले होते. ऑफिसात परत जायला हरकत नव्हती. पण आज थेट घरी जाते असा द्वारकाने आमोदना निरोप पाठवला, बस पकडली, खिडकीशी जागा मिळाली तिथे बसली, आणि गाढ झोपली. कंडक्टरने उठवलं, तेव्हा घराजवळचा तिचा स्टॉप मागे राहिला होता. ती उतरली आणि सावकाश चालत घरी गेली.