बिनमाणसाचे चार माग

चार माग चालू होते आणि त्यांच्यापुढं कुणीही उभं नव्हतं.

सकाळचं ऊन छपराच्या काचांतून सरळ खाली आलं होतं. भुताखेतांना न शोभणारी वेळ. तरीही माझ्या मानेवरचे केस ताठ झाले. मी काही भित्रा माणूस नव्हतो, विणकाम खात्यातला जॉबर होतो. जॉबर म्हणजे मागांच्या एका ओळीचा राजा समजा. माग बिघडला तर तो ठीक करायचा, माणूस बिघडला तर त्यालाही.

ही १९३१च्या जानेवारीतली गोष्ट. मागच्या उन्हाळ्यात सोलापूरनं मार्शल लॉ पाहिला होता. डोक्यावर पांढरी टोपी दिसली की पाठीत काठी बसायची. आणि आता येरवड्याला आमच्या गावच्या चौघांना फाशी झाली होती. चौघं चार समाजांचे. फासानं कुणाची जात विचारली नव्हती. हरताळ झाला, मिल परत उघडली आणि त्या पहिल्याच पाळीत माझ्या ओळीतले शेवटचे चार माग चालू झाले. ते उन्हाळ्यापासून बंद होते. त्यांचे विणकर गावाकडं पळाले होते, ते परतलेच नव्हते.

यात भिण्यासारखं काय, ते सांगतो. मागात धोटा असतो, होडीच्या आकाराचा लाकडी तुकडा. त्याच्या पोटात सुताची कांडी. धोटा इकडून तिकडं धावतो आणि कापड होतं. कांडी संपली की माग आपोआप थांबतो. मग विणकरानं नवी कांडी घालायची, धोट्याच्या भोकाला तोंड लावून सुताचं टोक श्वासानं ओढून घ्यायचं आणि दांडा ओढून माग सुरू करायचा. थोडक्यात, बिनमाणसाचा माग एक विडी संपेपर्यंतच चालतो. हे चार सकाळपासून चालले होते.

मी टक लावून बघत उभा राहिलो. काही नाही. दुसरीकडं बिघाड होता म्हणून वळलो, परत पाहिलं, तर कांडी नवी. पुन्हा वळलो, पुन्हा तेच. बाकी सगळे आपापल्या मागांवर, माना खाली. विणकाम खात्यात मागांच्या आवाजात कानाशी ओरडलेलं ऐकू येत नाही. आम्ही ओठांवरून बोलणं वाचतो. एरवी दिवसभर खातं मुक्यानं गप्पा मारत असतं, सासूपासून साहेबापर्यंत सगळ्यांची निंदा करतं. त्या दिवशी एकही ओठ हलत नव्हता. प्रत्येकाच्या डोक्यावर कापसाची धूळ बसली होती, पांढरी टोपी घातल्यासारखी. ती कुठल्या फौजदाराला उतरवता आली नसती.

मी नरसय्यासमोर जाऊन उभा राहिलो. हा तेलुगू घरातला पोरगा, नुकतंच लग्न झालेला, ओळीतला सगळ्यात बडबड्या. ओठांनीच विचारलं, कोण चालवतंय?

त्यानं चार बोटं दाखवली. मग तीच बोटं वर, छपराकडं नेली.

खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात मारुतीस्तोत्र सुरू केलं.

तेवढ्यात वीव्हिंग मास्तर आला. विलायतेचा गोरा, वीस वर्षं इथं काढलेला. त्यानं चारही माग पाहिले, फाशीचा आकडा त्यालाही ठाऊक होता, आणि मला दाराबाहेर ओढलं.

"किसने चलाया?"

"साहेब, अपने आप चलते हैं."

"अपने आप सिर्फ तुम्हारा जबान चलता है."

जेवणाच्या सुट्टीच्या आत नाव पाहिजे, नाहीतर सगळ्या ओळीची नावं पोलिसांत जातील, असं तो म्हणाला. त्या वर्षी पोलिसांत नाव जाणं म्हणजे काय, हे प्रत्येक घराला ठाऊक होतं. नरसय्याच्या नव्या बायकोलासुद्धा.

साहेब हुशार. आत येऊन पहिल्या मागासमोर स्वतः उभा राहिला. नजर हलवली नाही. कांडी संपली, माग थांबला. त्यानं धोटा उचलून भोकावर बोट फिरवलं. ओलं होतं. नाकाशी नेलं. पान, तंबाखू, आणखी काय काय. मग त्यानं मान वळवून भिवाकडं पाहिलं.

भिवा कांड्यांची टोपली घेऊन फिरायचा. तरणाबांड, चपळ. पण त्याच्या जातीला विणकाम खात्यात माग देत नसत, कारण हेच, धोट्याला लावायचं तोंड. त्याचा पाण्याचा डबाही दाराशी वेगळा टांगलेला. कांडीवाल्याकडं कुणी बघत नाही. मीही सकाळपासून विणकर शोधत होतो.

साहेबानं भिवाला धोटा दिला आणि आमच्यासारखंच नुसत्या ओठांनी म्हणाला, "खींचो."

भिवानं माझ्याकडं पाहिलं, मग भोकाला तोंड लावून सूत ओढलं. साहेबानं तोच धोटा नरसय्यापुढं धरला. "अब तुम. नहीं तो नाम बोलो."

वीस वर्षांत आम्ही कुठं फुटतो, ते त्याला बरोबर कळलं होतं. शेजारच्यांनी आपापले माग थांबवले. त्यांच्या पुढच्यांनी थांबवले. पसरत पसरत सगळं खातं गप्प झालं. वर नुसते माग फिरवणारे पट्टे फिरत होते. ती शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती, आणि तिच्यात वाटत होतं, की त्या चार मागांपुढं खरोखरच कुणीतरी येऊन उभं राहिलंय.

नरसय्यानं धोटा घेतला.

"सायेब, सकाळपासनं तेच करायलोय की."

आणि तोंड लावलं. पलीकडच्या मागावरचा रहिमान आला, धोटा हातातून ओढून घेतला. ओढलं, थुंकला. "भिवा, तंबाखू कित्ती खाता रे तू."

फाशीची बातमी आल्यापासून त्या पोरांना मी प्रथमच हसताना पाहिलं. धोटा हातोहात ओळीभर फिरला. शेवटी माझ्याकडं आला. मीही ओढलं, जरा नाटकी आवाज काढून. मग तो अदबीनं साहेबापुढं धरला. क्षणभर वाटलं, हाही तोंड लावतोय.

"नावं घ्या साहेब," मी म्हणालो. "सगळी ओळ. शेवटी माझं."

सगळी ओळ काढली तर धोतरांची ऑर्डर कोण विणणार, हा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. त्यानं धोटा मागात ठेवला, रुमालानं हात पुसला आणि गेला. पोलिसांत एकही नाव गेलं नाही. चारही माग पाळी सुटेपर्यंत चालले.

भिवाला माग मिळाला नाही, कांड्याच वाहत राहिला. मात्र त्याचा वेगळा डबा दुसऱ्या दिवशी दाराशी चेपलेला सापडला. कुणी चेपला, त्याचा पत्ता लागला नाही. मी त्या आठवड्यात जरा लंगडत होतो, पण ते सांधेदुखीमुळं.

धंद्यातल्या नवीन पोरांना मी एवढंच सांगतो. चार माग बिनमाणसाचे चालवायचे असतील, तर सगळ्या ओळीची माणसं लागतात.