स्लो न धरणारा ट्रक

आमच्या ह्यांना सगळे ‘कानवाले मिस्त्री’ म्हणतात. कान तसे चारचौघांसारखेच आहेत, उजव्यात केस जरा जास्त, एवढंच. पण गाडी फाटकातून आत येते न येते तोच हे मान तिरकी करून सांगायचे, की तिसऱ्या प्लगमध्ये दम नाही किंवा पंख्याचा पट्टा सैल आहे. बॉनेट उघडलं की नेमकं तेच निघायचं आणि गिऱ्हाईक तोंडात बोटं घालायचं. मी कधी घातली नाहीत. कारण हाच कान घराचा उंबरठा ओलांडला की बंद. ‘अहो, सिलिंडर संपलाय’ हे वाक्य लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मी तीन-तीनदा म्हणत आले आहे, आणि तिसऱ्यांदासुद्धा उत्तर येतं ते ‘हं’.

एकतीस वर्षं मी गॅरेजच्या पुढच्या खोलीत सुट्या भागांचं काउंटर सांभाळते. पट्टे, प्लग, रबरी नळ्या, नट. मधल्या भिंतीला एक खिडकी आहे, तिच्यातून मला गॅरेज दिसतं आणि गॅरेजला मी दिसते. शाळेत विज्ञानात मला पस्तीस मार्क होते, तेही बाईंनी दया करून दिलेले. पण कार्बोरेटर म्हणजे काय ते मला झोपेतून उठवून विचारा. पेट्रोल आणि हवा नीट मिसळून इंजिनाला पाजणारं ते भांडं. पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन हळू, एका लयीत चालत राहिलं पाहिजे, त्याला आमच्यात ‘स्लो’ म्हणतात. स्लो लावायचा म्हणजे कार्बोरेटरचा एक स्क्रू केसभर फिरवायचा आणि ऐकायचं, पुन्हा केसभर फिरवायचा आणि ऐकायचं. ह्यांची उभी हयात त्या एका स्क्रूवर गेली. कॉम्प्युटर लावून गाड्या तपासणाऱ्यांना हे भर गिऱ्हाइकात हसायचे. म्हणायचे, ‘ज्याला कान नाही, त्यानं कॉम्प्युटर लावावा.’

अशा माणसाने एक दिवस जेवता जेवता जाहीर केलं, की आपल्या ट्रकचा कार्बोरेटर काढून मी कॉम्प्युटरवर चालणारं फ्युएल इंजेक्शन बसवणार. मी आधी ह्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

त्याला निमित्त झालं आमच्या जावयाचं. जावई तसा गुणी आहे, शर्टाला कडक इस्त्री, बोटाला ग्रीसचा डाग म्हणून नाही. तो आणि आमची लेक महिन्यातून एकदा जेवायला येतात, आणि दर वेळी त्याच्या डोक्यात आमच्या गॅरेजच्या जागेवर एक नवा धंदा उगवलेला असतो. या खेपेला गाड्या धुण्याचं केंद्र होतं.

‘बाबा, कार्बोरेटरच्या गाड्या आता उरल्यात किती?’ तो म्हणाला. ‘जागा रस्त्याला लागून आहे. एका वेळी तीन गाड्या धुता येतील. फेसाचं मशीन पण मी बघून ठेवलंय.’

हे घास चावत बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘मलाही नवीन काम येतं. आबांच्या ट्रकला इंजेक्शन बसवतो. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी चार वाजता ये. ट्रक जागेवर उभा ठेवून पंधरा मिनिटं स्लोवर चालवून दाखवतो. बंद पडला, तर गॅरेजची किल्ली तुझी.’

जावईबापूंनी आनंदाने भात परत वाढून घेतला. त्या किल्लीने माझं काउंटरही उघडतं, पण मला विचारायचं कुणाला सुचलं नाही. लेक पाणी आणायला म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

आबा म्हणजे माझे सासरे, आणि ट्रक त्यांचा. पेट्रोलवर चालणारा, लांब नाकाचा, दोन गोल दिव्यांचा. त्याच्या काचेवरचे वायपरसुद्धा विजेवर चालत नाहीत. इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीवर चालतात, त्यासाठी इंजिनापासून काचेपर्यंत एक रबरी नळी गेलेली आहे. चढ लागला की सगळी ओढ इंजिनालाच पुरत नाही, मग वायपर मध्येच झोपतात. आबा चढावर खिडकीतून हात काढून फडक्याने काच पुसायचे आणि वर म्हणायचे, अशी गाडी पुन्हा होणे नाही. होऊही नये.

पार्सलचं खोकं आलं. लेकीचा कॉलेजातला लॅपटॉप माळ्यावरून खाली आला, त्याचं एक बटण मीच मागे केव्हा तरी झाडून टाकलेलं. ह्यांनी कार्बोरेटर काढला, पुसला, फडक्यात गुंडाळला आणि कपाटात ठेवला. त्याच्या जागी नवं इंजेक्शन बसवलं, तारा जोडल्या. ट्रक पहिल्या फटक्यात सुरू झाला. हे माझ्याकडे वळून असे हसले, की जणू विमानच उडवलं. मग पाय काढला. इंजिनाची रेस चढली, पडली, चढली, पडली, जिना चढून आलेल्या लठ्ठ माणसासारखं त्याने चार-पाच वेळा धापा टाकल्या आणि गप्प झालं.

पुढचे तीन आठवडे मी खिडकीतून फुकटात नाटक पाहिलं. सोमवारी अर्थिंगची तार गुन्हेगार ठरली. ती बदलली, ट्रक बंद पडला. बुधवारी सेन्सर पकडला गेला, त्याला निर्दोष सोडावं लागलं. पंपाचा दाब मोजून झाला. स्लोला हवा कमी-जास्त करणारी बारकी झडप असते, ती दोनदा नवी मागवली. रोज लॅपटॉपमध्ये काही तरी वाढवायचं, मग त्याने बिघडलेलं सावरायला दुसरं काही तरी कमी करायचं. वहीत इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचे आकडे लिहायचे. आठशे, चौदाशे, सहाशे, शून्य. शेवटी शून्य ठरलेलं.

आणि थाट तर विचारूच नका. गेली दोन वर्षं आमच्या ह्यांच्यात साहेबी शिरली होती, ती आता उतू जायला लागली. फोन उचलायचा नाही. म्हणे माणूस समोर आला पाहिजे, फोनवर निदान होत नाही. गिऱ्हाइकाने तोंडी तक्रार सांगायची नाही, चिठ्ठीवर लिहायची. चिठ्ठ्या भिंतीवरच्या खिळ्याला टोचायच्या आणि नंबराप्रमाणे काढायच्या, मोठं इस्पितळच जणू. टीव्हीवर फक्त बातम्या, त्याही ज्यात खाली अक्षरांची पट्टी पळते त्या. इंजिन चालू असलं की मडगार्डवर तळवा टेकून डोळे मिटून उभे राहायचे. मी गिऱ्हाइकांना सांगायची, बघा, आशीर्वाद देतायत. गिऱ्हाइकं हसायची. हे ढिम्म. नाकावर माशी बसू न देणारा माणूस एवढी थट्टा कशी सोसतो, याचं मला नवलही वाटलं नाही. माझ्याकडे लक्षच देत नाहीत, असं मी धरून चालले होते.

त्यात ती शिट्टी. ट्रक सुरू झाला की पहिल्या दिवसापासून एक बारीक सूंऽऽ असा आवाज यायचा, थेट माझ्या काउंटरपर्यंत. डोकं उठायचं. तिसऱ्या दिवशी मी खिडकीत उभी राहून विचारलं, ‘ही शिट्टी कसली वाजते?’

हे क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘नव्या मशीनला आवाज असतोच.’

असेल बाई. पस्तीस मार्कवालीने कशाला डोकं चालवा? आणि खरं सांगते, मला थोडी मजाही वाटत होती. आयुष्यभर जगाला ऐकवणारा माणूस एकदाचा अडला होता. मी मूग गिळून बसले.

शेवटचा शनिवार उजाडला. दुपारी बारापर्यंत ट्रक नऊ वेळा बंद पडला होता. दहाव्यांदा पडला आणि गॅरेजात सामसूम झाली. ह्यांचा मोबाइल ह्यांच्याच कोपराशी वाजत होता. वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला. लेकीचा असणार. माझं डोकंच फिरलं. मी डबा घेऊन तणतणत मागच्या दाराने आत गेले आणि पाठीमागून ओरडले, ‘अहो, मेला तो फोन तरी उचला.’

हे हलले नाहीत. मी पुढे झाले तर माझ्या कोपराचा धक्का मांडणीला लागला आणि नटांनी भरलेला पत्र्याचा डबा वरून थेट फरशीवर आला. केवढा आवाज. शे-दीडशे नट चहूकडे उधळले. फाटकाबाहेर झोपलेलं कुत्रं उठून भुंकायला लागलं. दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या आमच्या ह्यांनी लॅपटॉपवरून मान वळवली नाही.

मी होते तिथेच उभी राहिले. मग हळूच त्यांच्या डाव्या खांद्याशी गेले आणि घरात बोलते तशा आवाजात म्हणाले, ‘तुमचा ट्रक मी आज भंगारात घालते.’

काही नाही. वहीत आकडा लिहून झाला. मी समोर गेले तेव्हा नजर वर आली आणि हे म्हणाले, ‘जेवण आणलंस होय?’

मी डबा त्यांच्यापुढे ठेवला. एकतीस वर्षं हाकेला ओ न देणाऱ्या नवऱ्याला ऐकू यायचं केव्हा बंद झालं, हे बायकोला कळावं तरी कसं? पण कळायला हवं होतं. चिठ्ठ्या, फोन, बातम्यांची पट्टी, सगळं माझ्या नाकासमोर होतं, आणि मी त्यावर विनोद करून लोकांना हसवत होते. आणि ती शिट्टी. रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल अशी शिट्टी तीन आठवडे वाजत होती, आणि कानवाल्या मिस्त्रींनी ती एकदाही ऐकली नव्हती.

 मी हाताने खूण केली, सुरू करा. काउंटरवरून हातभर रबरी नळी आणली, तिचं एक टोक स्वतःच्या कानाला लावलं आणि दुसरं इंजिनाभोवती फिरवायला लागले. लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्यांनीच मला हे शिकवलेलं. आवाज कुठून येतो ते असं शोधायचं. पुढे काही नाही, बाजूला काही नाही. इंजिनाच्या मागे, काचेखालच्या पत्र्यापाशी नळी नेली आणि कानात अशी किंचाळी शिरली की मी मागे सरकले. वायपरची नळी. आबांच्या त्या भिकार वायपरची म्हातारी नळी वळणावर खालच्या अंगाने चिरली होती. इंजिन तिथून चोरून हवा ओढत होतं, आणि बिचारा कॉम्प्युटर हिशेबात नसलेली हवा सावरता सावरता धापा टाकत होता.

मी चिरेवर अंगठा दाबला.

शिट्टी थांबली. रेस एकदा पडली, सावरली, आणि ट्रक लयीत चालायला लागला. ह्यांचा तळवा मडगार्डवर होता. मी त्यांचे डोळे उघडताना पाहिले. आधी लॅपटॉपकडे गेले, तिथे आकडा आठशेवर ठाम उभा होता, मग माझ्या अंगठ्याकडे, मग माझ्या कानातल्या नळीकडे. हे एकदम म्हातारे दिसले.

ह्यांनी इंजिन बंद केलं. ‘किती दिवस वाजत होतं?’

‘पहिल्या दिवसापासून.’ मी तोंड त्यांच्या समोर ठेवून सावकाश म्हणाले. ‘आणि तुमचं किती दिवसांपासून आहे?’

‘डावा दोन वर्षं झाली. उजवा अर्धा आहे अजून, जवळून बोललेलं कळतं, शिट्टी-खणखण कळत नाही.’ हे फडक्याला हात पुसत राहिले, हात स्वच्छ झाले तरी. ‘कार्बोरेटर कानाने लावावा लागतो. हे डोळ्यांनी लावता येईल असं वाटलं. आकडा दिसतो ना.’ मग म्हणाले, ‘कुणाला सांगू नकोस. कानवाला मिस्त्री बहिरा झाला म्हटल्यावर गाडी कोण देणार? तो पोरगा सोमवारी फेसाचं मशीन आणून उभा करील.’

मला रडू आलं. आणि रागही आला, इतका की आधी काय करावं कळेना. दोन वर्षं एका ताटात जेवतो आम्ही.

नवी नळी माझ्या काउंटरमागे, उजवीकडून दुसऱ्या खणात होती. बसवायला पाच मिनिटं लागली. तीन आठवड्यांत लॅपटॉपमध्ये करून ठेवलेले उपाय एकेक करून उलटे फिरवायला मात्र तीन तास गेले.

जावईबापू चारला दोन मिनिटं असताना आले, मनगटाला घड्याळ असून मोबाइलवरही वेळ लावून. ट्रक पंधरा मिनिटं चालला. सोळावं झालं, विसावं झालं. ह्यांनी वर वायपरही लावून दाखवले. जावयाचा चेहरा पडला, पण पोरगा मनाचा वाईट नाही. पुढे होऊन त्याने विचारलं, ‘मानलं बाबा. तीन आठवडे सापडत नव्हतं, मग आज कसं शोधलंत?’

तो ह्यांच्या डाव्या बाजूला उभा होता. हे ट्रककडे बघत समाधानाने हसत राहिले.

‘कानाने,’ मी म्हणाले.

‘वा. म्हणून तर नाव आहे,’ असं म्हणून तो गेला. फेसाच्या मशीनचं नाव त्याने काढलं नाही.

मी कोरी चिठ्ठी घेतली. गिऱ्हाइकं लिहितात तसं लिहिलं: ‘तक्रार: डावा कान बंद, उजवा अर्धा. सोमवारी दहा वाजता डॉक्टरांकडे न्यायचं आहे.’ आणि ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी चष्मा वर-खाली करून ती दोनदा वाचली, खिळ्यापाशी गेले, आधीच्या सात चिठ्ठ्या काढल्या, माझी सगळ्यांच्या तळाशी टोचली आणि सातही तिच्यावर परत लावल्या.

‘नंबर आला की बघू,’ म्हणाले.

मी ती उपसून सगळ्यांच्या वर टोचली. गॅरेजची किल्ली हुकावरून काढून माझ्या पर्समध्ये टाकली आणि वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

‘आधी डॉक्टर,’ मी म्हणाले, ‘मग किल्ली.’

पहिल्याच हाकेला उत्तर आलं.

‘हं.’