खिडकीजवळच्या खाटेची घंटा

ऑफिसात तिला सगळे 'कुठेहीताई' म्हणत. यंत्र नवंकोरं असो की अडगळीतलं, आपला प्रोग्राम कुठेही चालणारच, अशी तिची मिजास! त्याचं काम एकच, कुणाला आधी ओळखता येणार नाहीत असे आकडे काढून द्यायचे. इतरांची यंत्रं ते आकडे वापरायची. दवाखान्यातल्या घंटासुद्धा.

त्याच दवाखान्यात तिचे बाबा पाय मोडून खिडकीजवळच्या खाटेवर पडले होते. मध्ये एकदा वीज जाऊन आली आणि तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद, "घंटा मी दाबतो नि नर्स शेजारच्याकडे जाते गं!" नर्स म्हणाली, आजोबांना भास होतायत. डॉक्टर म्हणाले, उद्या त्यांना भ्रमिष्टांच्या वॉर्डात हलवू. आणि पोटची पोरगी काय म्हणाली? "बाबा, त्यांनीच दाबली असेल." म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. फिरवणार नाही तर काय करणार?

"मग दाब तूच," ते तिकडूनच म्हणाले.

तिने दाबली. नर्स आली ती थेट शेजारच्या खाटेकडे, आणि घोरणाऱ्या बिचाऱ्याला हलवून विचारू लागली, "काय हवंय?"

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. तिने वाकून दोन्ही घंटांच्या डब्या पाहिल्या. वॉर्डातल्या बाकी सगळ्या नव्या, या दोनच जुन्या. वीज आली की प्रत्येक घंटा स्वतःसाठी एक आकडा उचलते आणि नर्सच्या टेबलाजवळच्या दिव्यांच्या फळ्याला कळवते, "या आकड्यावर अमुक खाट." जुन्या डब्यांत असा ओळखता न येणारा आकडा काढायची सोयच नव्हती. तिथे गाडी अडू नये म्हणून तिनेच एक पळवाट ठेवली होती, की सोय नसेल तर घड्याळ बघून आकडा घे आणि अळीमिळी गुपचिळी. वीज येताच दोन्ही घड्याळं शून्यापासून एकदमच सुरू झाली आणि दोघींनी एकच आकडा उचलला. एका आकड्याला फळा एकच खाट धरतो, तेव्हा फळ्यावर राहिली शेजारच्याची खाट. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

"बाबा, चूक माझी आहे," ती म्हणाली.

डॉक्टरांकडून तिने एका दिवसाची मुदत मागून घेतली. प्रत्येक डबीतल्या चिपवर कारखान्यातच कोरलेला वेगळा क्रमांक असतो, तो तिने घड्याळाच्या आकड्यात मिसळला. नुसत्या घड्याळाची पळवाट मुळापासून काढून टाकली. आता तेही जमत नसेल तर प्रोग्राम तोंडावर सांगणार, जमत नाही. ऑफिसातले लगेच चिडवायला लागले, "काय कुठेहीताई, आता कुठेकुठेताई का?" "हो, तसंच म्हणा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घंटावाल्यांच्या मेकॅनिकने दोन्ही डब्यांत नवा प्रोग्राम भरला, वॉर्डाची वीज बंद केली आणि पुन्हा चालू केली. बाबांनी घंटा दाबली. नर्स सरळ खिडकीकडे आली.

"काय हवंय, आजोबा?"

"काही नको," बाबा म्हणाले. ते नर्सकडे बघतच नव्हते, लेकीकडे बघत होते. "बघ, मीच दाबत होतो ना?"

"तुम्हीच, बाबा," ती म्हणाली आणि त्यांचा हात घट्ट धरून बसली.