लाल बादलीतली अकरा नावं

अठ्ठेचाळीस साली जालन्यातलं आमचं हायस्कूल उन्हाळ्यानंतर उघडलं, तेव्हा शाळेत मुलांपेक्षा मंडळं जास्त होती. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं पुढं आहे.

लढाई होणार, हे गावातल्या कोंबड्यांनासुद्धा ठाऊक होतं. हैदराबादचं राज्य हिंदुस्थानात जाणार की वेगळं राहणार, एवढाच काय तो प्रश्न, आणि तो मोठ्यानं विचारायला बंदी. शाळेच्या मैदानात खंदक खणले होते. विमान दिसलं की आत उड्या मारायच्या. विमान काही आलं नाही, पाऊस आला. खंदक भरले आणि हेडमास्तरांची म्हैस त्यात तीनदा पडली. तिला ओढून काढायला शाळेतली सगळी मंडळं एकत्र आली, हा आमच्या एकीचा त्या सालातला एकमेव पुरावा. व्हरांड्यात आगीसाठी पाण्यानं भरलेल्या लाल बादल्या टांगल्या होत्या. त्यात फक्त डास पोहायचे.

सगळ्या मंडळांच्या वरती एक जमात होती, मुमताज तलबा. म्हणजे निवडक हुशार विद्यार्थी. आख्ख्या शाळेतून नऊच. छातीवर पितळी बिल्ला, पुढचा बाक, आणि हेडमास्तरांच्या सुरईतलं गार पाणी. बदल्यात काम एकच. वर्गात कोण काय बोलतं, त्याची चिठ्ठी दर गुरुवारी द्यायची, कारण शुक्रवारी सुट्टी. माझं उर्दू अक्षर असं वळणदार की मौलवीसाहेब ते बघून डोळे पुसायचे. त्या अक्षराच्या जोरावर मी बिल्ला पटकावला आणि दर गुरुवारी त्याच अक्षरात लिहून दिलं, ‘सब खैरियत.’

आमचं गाव शहागडच्या पुढं, गोदावरीच्या काठावर. घराण्यात हायस्कूल पाहिलेला मी पहिलाच. वडिलांनी शहागडच्या बाजारात बिल्ल्याची बातमी अशी काही सांगितली, की लोकांना वाटलं पोराला जहागीर मिळाली. दोन माणसं तर अर्ज घेऊन आली.

आणि मी दुसऱ्या एका मंडळात होतो, ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. दरवर्षी मराठी मुलं एक हस्तलिखित काढायची. त्या साली हुकूम आला की ते बंद. परवानगीवाचून चार मुलांनी एकत्र बसायचं नाही, आणि कागद मोजून मिळणार. आमचा अध्यक्ष घनसावंगीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, कापसाच्या गाठोड्याएवढा रुंद. तो उठला आणि म्हणाला, “कागद न्हाई ना? मंग कापडावर काढू.”

“कापड कुठंय बे?”

“फर्स्ट एडच्या पेटीत काय भाकरी हाय का?”

फर्स्ट एडचं मंडळ लढाईमुळं चालू होतं, आणि त्यात कितीही मुलांना एकत्र बसायची मुभा होती. मांजरपाटाच्या चार बोटं रुंद पट्ट्यांची पेटी भरलेली. आम्ही अकराजण एका दिवसात जखमींच्या सेवेला लागलो. पट्टीवर लिहायचं, गुंडाळी करून पेटीत ठेवायची. वाचायचं असलं की एकाला जखमी करायचं, त्याला पायापासून डोक्यापर्यंत पट्टी बांधायची आणि त्याच्याभोवती गोल फिरत वाचायचं. अध्यक्षाचं महाकाव्य वाचताना मी मोजून एकवीस प्रदक्षिणा घातल्या आणि चक्कर येऊन खराखुरा जखमी झालो.

मंडळावर नेमलेले ड्रिलमास्तर जुने फौजी. त्यांच्या बरगडीत अजून तीन गोळ्या आहेत असं ते सांगायचे. मी सांगताना सात सांगतो. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. पण गुंडाळी उलगडली, की ते पाठ फिरवून बिडी पेटवायचे.

“मैं कुछ देख्याच नहीं रे, जल्दी जल्दी मरहम-पट्टी करो!”

श्रावणात शिक्षण खात्याचे मोठे साहेब तपासणीला आले. लढाई तोंडावर आली, तर मुलांची तयारी दाखवा, असं त्यांचं म्हणणं. मैदानात खुर्ची मांडली, बिल्लेवाले नऊजण रांगेत. साहेब म्हणाले, “मरीज कौन बनेगा?” बिल्लेवाल्यानं पुढं यायचं असतं. मी सदरा उतरवून रांगेत ठेवला आणि पुढं आलो.

पेटी उघडली आणि अध्यक्षाचा चेहरा पडला. पेटीत कोरी पट्टी एक नव्हती. सगळ्या पट्ट्या साहित्यानं भरलेल्या! नुसतं महाकाव्यच आठ गुंडाळ्या खाऊन बसलं होतं.

“काय करू राह्यला? बांध ना!” मी ओठ न हलवता म्हणालो.

“अक्षर दिसंल ना बे.”

“मंग अक्षर आत ठेव.”

लिहिलेली बाजू अंगाकडं ठेवून त्यानं मला बांधलं. बाहेरून मी दुधासारखा पांढरा. साहेब खूश. मला तसंच उभं ठेवून त्यांनी भाषण सुरू केलं, शिस्तीवर. पाऊस थांबलेला, वारा नाही, वरून ऊन. मला घाम फुटला. असा फुटला की खंदकात पाणी वाढल्याचा भास झाला. आणि तेव्हा मला आठवलं, की आमची शाई वडीची होती. पाण्यात विरघळणारी, जांभळी.

भाषण संपलं. साहेब म्हणाले, “अब खोलो.”

पट्ट्यांवर शाई फुटून नुसते डाग उरले होते आणि माझ्या छातीवर महाकाव्य उमटलं होतं. पाठीवर दोन निबंध, पोटावर विनोद. सगळं उलटं, आरशात दिसतं तसं. आणि डाव्या दंडावर अनुक्रमणिका. अकरा नावं, ओळीनं, गावासकट.

“ये क्या है?”

“दवा आहे साहेब. जांभळी दवा,” मी म्हणालो.

“दवा के अक्षर होते हैं?”

साहेबांनी डोकं तिरपं केलं, दुसरीकडून तिरपं केलं. वाचता येईना. मग त्यांनी चपराशाला फाटकाबाहेर बसणाऱ्या न्हाव्याकडं पिटाळलं, आरसा आण म्हणून. हेडमास्तर माझ्या कानाशी आले. आवाज चांगला मऊ होता.

“आरसा येण्याआधी तू स्वतः नावं सांगितलीस, तर तुझं नाव यातून वगळतो. बिल्लाही राहील. नाहीतर आजच नाव काढतो तुझं. जा मग गावाकडं, बैल वळायला.”

मला वडील दिसले, शहागडच्या बाजारात. खोटं कशाला सांगू, तोंड उघडलं होतं मी. पहिल्या नावाचं पहिलं अक्षर जिभेवर आलंच होतं. तेवढ्यात बाजूला कडी वाजली. ड्रिलमास्तर व्हरांड्यातली बादली काढून आणून माझ्या पायाशी ठेवत होते.

“पसीना बहुत छूट रा साहब लड़के कू,” ते म्हणाले, आणि पाठ फिरवून बिडी शोधायला लागले.

मी डावा हात खांद्यापर्यंत बादलीत घातला. असा घोळला, जशी आई गोधडी धुते. डास उडाले, पाणी जांभळं झालं, माझा दंड कोराकरकरीत. छातीवरचं महाकाव्य राहू दिलं. ते कोणाला सुलट वाचूनही कळलं नसतं.

चपराशी आरसा घेऊन धावत आला, तेव्हा दंडापुढं धरूनही त्यात साहेबांना फक्त स्वतःची मिशी दिसली.

“नाम!” साहेब ओरडले.

“बादलीत आहेत, साहेब. काढून घ्या.”

मग मी रांगेत ठेवलेल्या माझ्या सदऱ्याचा बिल्ला सोडवला आणि तोही बादलीत टाकला. डुबुक असा आवाज झाला. माझं म्हणणं, तो पार अंबडपर्यंत ऐकू गेला.

त्याच दुपारी माझं नाव काढलं. घरी पोचलो तर वडील म्हणाले, “बिल्ला कुठंय?” म्हटलं, “बादलीत.” त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बैल माझ्या हातात दिले आणि आठ दिवस मला औतामागं चालवलं. नवव्या दिवशी म्हणाले, “दंड पुरा धुतला होता ना? बराबर?”

“बिलकुल,” मी म्हणालो.

महिनाभरात फौजा आल्या, राज्य बदललं. दिवाळीनंतर मला शाळेत परत घेतलं. हेडमास्तर तेच, फक्त टोपी नवी. मुमताज तलबा बरखास्त झाली होती आणि तिच्या जागी नवं सन्मान मंडळ निघालं होतं. बिल्ले तेच, फक्त घासलेले. हेडमास्तरांनी मला बोलावलं, खुर्ची दिली आणि सुरईतलं पाणी दिलं.

“त्या अकरा वीरांचा सत्कार करायचाय. नावं लिहून दे. हा घे तुझा बिल्ला.”

दाराबाहेर गर्दी होती. त्या अकरांपैकी असल्याचं सांगणारी चाळीस मुलं तोवर जमली होती. दर गुरुवारी चिठ्ठ्या देणारे जुने बिल्लेवालेही त्यात होते. आणि माझ्याशिवायचे खरे दहाजण मैदानात होते, अध्यक्षाला पट्ट्या बांधून खांबाला टेकवलेलं आणि बाकीचे नऊ त्याच्याभोवती गोल फिरत. महाकाव्याचा दुसरा खंड.

आवाज तसाच मऊ होता. पाणीही तसंच गार. मी ते पूर्ण प्यालो, भांडं पालथं ठेवलं आणि म्हणालो, “सर, नावं मागं बादलीत दिलीत मी.”

“अरे, तेव्हा गोष्ट वेगळी होती!”

“बादली तीच आहे ना, सर?”

बिल्ला टेबलावर ठेवून मी मैदानात गेलो. माझी एकवीस प्रदक्षिणांची पाळी आली होती.