एकदा येऊन गेलेला ताप

आमच्या घरात नियम होता: गोवर-कांजिण्या ज्याला येऊन गेल्यात, त्यानेच आजाऱ्याजवळ बसायचं. आईने तोच नियम डासांमुळे येणाऱ्या हाडमोड्या तापालाही लावला.

सत्तरच्या दशकात आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत तो ताप पहिल्यांदा आला, तेव्हा घरात एकट्या वहिनीला झाला. काही वर्षांनी पुन्हा आला आणि दादा व मी आडवे झालो. मच्छरदाण्या दोनच, एक दादाला, एक मला. वहिनीला कशाला, तिचा ताप होऊन गेलाय, असं आई म्हणाली. मलाही पटलं.

आम्ही उठलो आणि वहिनीने अंथरूण धरलं. त्याच आठवड्यात सटाण्याला तिच्या भावाचं लग्न होतं, आणि आधीपासून जाऊन राहायला आईने नाही म्हटलं होतं. मी जात्याच संशयी. भाजीवाल्याचा तराजूसुद्धा मागून बघते. माहेरी धाडावं म्हणून हे सोंग तर नाही, अशी माझ्या मनात पाल चुकचुकली. एकदा झालेला ताप पुन्हा कसा होईल? मी स्वतः थर्मामीटर लावला. पारा एकशे तीनवर गेला, तरी म्हटलं, कांद्याच्या सटाण्याची पोर, ताप चढवायला काखेत कांदा ठेवला असणार.

आमच्याशी एरवी शुद्ध बोलणारी वहिनी तापात माहेरच्या बोलीत म्हणाली, "ताई, मी खोटं नही बोली ऱ्हायनी."

मी कांदा शोधायला उशी उचलली. अभ्र्यावर तिच्या हिरड्यांतलं रक्त होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हिला हा ताप पूर्वी आला होता का. आईने मोठ्या विश्वासाने हो म्हटलं. तेव्हा ते म्हणाले, या विषाणूची चार भावंडं आहेत. मूळ एकच, पण डासातून माणसात फिरता फिरता पिढ्यान्‌पिढ्या बदलत ती वेगळी झाली. एकाशी झुंजलेलं शरीर दुसऱ्यालाही तोच समजतं आणि फसतं. म्हणून दुसऱ्या वेळचा ताप जिवावर बेतू शकतो. म्हणजे मच्छरदाणीची खरी गरज वहिनीलाच होती. मला स्वतःची किळस आली.

नऊ दिवसांनी वहिनी घरी आली. लग्न कधीच उरकलं होतं. मी माफी मागितली, तर असू द्या म्हणाली.

त्या दिवाळीत ती स्वयंपाकघरात भोवळ येऊन पडली. अंग चटके देत होतं. ताप कधीपासून आहे, विचारलं, तर म्हणाली, चार दिवस.

"मग सांगितलं का नाहीस?"

"खरंच आहे का, ते आधी बघत होते."