पिठातल्या चार नोटा

सुमन, आधीच सांगते, अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठं काय पडलंय मला माहीत नाही. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून मी सामानाच्या चिठ्ठ्या आणि स्वतःचं नाव सोडून काही लिहिलेलं नाही. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर माझं तोंड उघडत नाही आणि तू तिकडून "हॅलो, हॅलो, हाईस का गेलीस" म्हणत राहतेस. म्हणून लिहिते. वाचून ठेवून दे. मंडळीत कुणाला दाखवू नकोस.

आम्ही तिघं इकडं यायला निघालो त्या दिवशी तुझं लेकरू तापलं होतं, म्हणून तू उमरग्याला आली नव्हतीस. हैदराबादच्या गाडीची वाट बघत आम्ही हायवेला उभे होतो. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, पण ट्रकांच्या आवाजात आमेन तेवढं ऐकू आलं. आपली आई जरा लांब, तिच्या त्या स्टीलच्या डब्यावर हात ठेवून बसली होती. गाडी दिसली तशी उठली आणि डबा माझ्या हातात दिला. ज्वारीचं पीठ होतं, वरून फडकं बांधलेलं.

"फुकट न्हाय बरं का," म्हणाली. "उसनं हाय. तुझ्या हातानं आणून द्यायचं."

मी म्हणाले, एवढ्याशा पिठासाठी मी आफ्रिकेतून येऊ का? तर म्हणाली, "मग कशासाठी येशील?"

तुला आईची रीत माहीत आहे. शेजारणीकडून वाटीभर पीठ आणलं तर परत करताना वाटीला शीग लावायची. सपाट वाटी कुणाला दिलेली तिला चालायची नाही. उसनं फेडताना हात आखडू नये, म्हणायची.

इथं आल्यावर पीठ चाळायला घेतलं तर त्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या पाचशेच्या चार नोटा निघाल्या. मी लगेच फोन लावला. आई म्हणाली, "ते बी उसनंच." इथं मलावीत आमच्या गावात रुपये कुणी बदलून देत नाही. नोटा परत त्याच डब्यात ठेवल्या. पीठ संपलं, नोटा राहिल्या.

तुला वाटत असेल इथं आमचं काही मोठं चाललंय. यांचं काम खरंच मोठं आहे. मोटारसायकलवर लांबलांबच्या प्रार्थनाघरांना जातात, लाल धुळीनं माखून येतात, जेवताना डुलकी घेतात. माझं काम म्हणजे पाणी भरणं, लाइट येईल तेव्हा इस्त्री करणं, रूथचा डबा. पोरगी शाळेत इंग्रजी बोलते, गल्लीत इथली चिचेवा बोलते आणि मराठी फक्त माझ्याशी, तीही अडखळत. मक्याच्या पिठाच्या भाकरी थापते, त्या तव्यावर टाकताना मोडतात. शेंगा मात्र इथं भरपूर. चटणी कुटते तेव्हा जरा घरी असल्यासारखं वाटतं.

गुरुवारी बायकांची सभा असते. पाळकाच्या बायकोनं तिथं बोलायचं असतं. मला घाम फुटतो. तूच म्हणाली होतीस ना, पाळकीणबाई झालीस आणि चार ओळी बोलता येईनात. बरोबरच म्हणाली होतीस. शेवटी हेच म्हणाले, तू बोलू नकोस, नुसती त्यांच्यापाशी बस. तेवढं मला जमतं.

सभेत एक म्हाताऱ्या बाई आहेत. इथं मोठ्या बाईला अमाई म्हणतात, म्हणजे आई. सगळ्याच बायका अमाई, मीसुद्धा. पण मी अमाई लिहिते त्या एकच, ज्यांचे पुढचे दोन दात नाहीत त्या. आम्ही आलो त्या वर्षी त्यांचे मालक वारले. मला आपली रीत माहीत. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी कडू घास न्यायचा. मी पहाटे उठून त्या मोडक्या भाकऱ्या केल्या, पिठलं केलं, झाकून घेऊन गेले. जाऊन बघते तर अंगणात मोठा जाळ, त्यावर पातेली, बायका पीठ घाटतायत. इथं उलटं आहे. मयताच्या घरचा जाळ विझू द्यायचा नाही. ज्यानं त्यानं कच्चं पीठ आणि लाकडं आणायची, सगळ्यांनी तिथंच शिजवून एकत्र खायचं. आपलं शिजवलेलं घेऊन येणारी मी एकटी. एक बाई दुसरीला काहीतरी म्हणाली. नंतर रूथनं मला सांगितलं, त्यांना वाटलं ही आपल्या हातचं खात नाही, म्हणून घरून घेऊन आली. सुमन, आपल्या हातचं कोण खात नव्हतं ते आपण दोघी जाणतो. तेच माझ्यावर आलं. मला तिथंच बसून रडू आलं. ते मयतासाठी आहे असं सगळ्यांना वाटलं, बरं झालं. मग मी त्यांच्या पातेल्यातलं खाल्लं आणि संध्याकाळपर्यंत चटईवर बसले.

त्यानंतर मी पीठ न्यायला शिकले. इथं माणसं लवकर मरतात गं. कधी एका आठवड्यात दोन घरी बसायला जावं लागतं. कमरेला इथलं कापड गुंडाळायचं, डोक्यावर पिठाचं घमेलं घ्यायचं, आणि जाऊन गप्प बसायचं. "पेपानी" एवढंच म्हणायचं, म्हणजे वाईट झालं. बाकी कुणी बोलत नाही. गुडघे दुखतात, कंबर धरते. हेच माझं सेवाकार्य. मिशनच्या अहवालात लिहायला त्यातलं काही नसतं.

दरवर्षी आई विचारायची, कधी येतीस? दरवर्षी मी पुढच्या वर्षी म्हणायची. एकदा यांची इथली मुदत वाढली, एकदा तिकिटाचं जमलं नाही, एकदा रूथची परीक्षा. मग तुझा फोन आला.

तू विचारलंस, "माती थांबवून ठेवू का?" मी म्हणाले, नको. दोन दिवस लागले असते आणि उन्हाळा होता. तू फोन ठेवलास. त्यानंतर आपण नीट बोललोच नाही. तू एकटीनं सगळं केलंस. मला त्याबद्दल काही म्हणायचा हक्क नाही. पण त्या दिवशी मी काय केलं, ते तुला कुणी सांगितलेलं नाही.

हे लांबच्या गावी गेले होते. मी गॅस पेटवला नाही. रूथला बिस्किटं दिली आणि स्वयंपाकघरात फरशीवर बसले. कुणाला सांगितलं नव्हतं. रूथनं शेजारी सांगितलं असणार. दुपार कलली तशा बायका आल्या, डोक्यावर पीठ, लाकडं. विचारलं नाही, काही नाही, माझ्या अंगणात तीन दगड मांडून जाळ केला. माझ्या मनात आलं, थांबवावं, आपल्यात चूल पेटवत नाहीत. पण तोंड उघडलं नाही. त्या आत येऊन माझ्याभोवती भिंतीला टेकून बसल्या. जी आई त्यांनी कधी बघितली नाही, तिच्यासाठी बसल्या.

शिजल्यावर अमाईंनी पिठाचा गोळा मोडला, भाजीला लावला आणि स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातला. त्यांना आपला कडू घास माहीत नव्हता. मी त्यांना कधी सांगितलंही नव्हतं. मी खाल्ला. आई गेल्याचं मला तेव्हा कळलं.

आता यांची मुदत पुन्हा वाढली आहे. मला विचारलं होतं. मी बरं म्हणाले. मला इथं फार आवडतं असं नाही, सुमन. मी दमले आहे. पण तिकडं आता माझी वाट बघणारं कोण आहे, आणि इथं कुणाच्या घरी बसायला गेले नाही तर लोक विचारतात, ती साडीवाली अमाई का नाही आली.

परवा अमाईंच्या थोरल्या बहिणीची माती झाली. घमेलं भरताना वरून आणखी ओंजळभर पीठ घातलं, ते वाटेतला चढ चढताना सांडलं. आईचं पीठ तसं फिटलं असं मी मनाला सांगितलं. पैसे राहिले होते.

इथं असलेले हैदराबादचे एक बंधू सुट्टीवर तिकडं निघाले आहेत, ते तुला हे पाकीट पोचवतील. आत आईच्या चार नोटा आहेत, त्याच, पिठाचा वास अजून जात नाही. पाचवी नोट आम्ही येताना खिशात उरलेली. ती शीग. आधी आईच्या खोलीत फडताळावर एक दिवस ठेव, मग लेकरांना काही घे.

माझ्या हातानं आणून द्यायचे होते. ते जमलं नाही. पण पुरे फिटले. आता उमरग्याला उतरायला माझ्याजवळ आईचं निमित्त नाही. तू दिलंस एखादं, तर येईन.